नेसरीचे सात : ऐतिह्य, पुरावा आणि श्रद्धा

कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात नेसरी आहे. या गावाजवळच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी स्वराज्याचे सरनोबत प्रतापराव गुजर धारातीर्थी पडले. त्या दिवशी माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे महाशिवरात्र होती. समोर आदिलशाहीचा सरदार बहलोलखान होता. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ही कथा ठाऊक असते : शिवाजी महाराजांचे कठोर पत्र आले, प्रतापरावांच्या जिवाला ते लागले, सैन्य मागे ठेवून ते सहा सोबत्यांसह हजारोंच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. कुसुमाग्रजांनी या प्रसंगावर कविता लिहिली. हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल लावली, लता मंगेशकरांनी ती गायली आणि कथा घरोघर पोचली.

या कथेतून धर्म आणि तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न उभा राहतो. एखाद्या पूज्य गोष्टीतला तपशील तपासणे म्हणजे श्रद्धेला धक्का देणे आहे काय? आणि तपासात काही भाग टिकला नाही, तर उरलेल्या भागाला हात जोडता येतात काय?

भारतीय प्रमाणशास्त्राने अशा गोष्टींसाठी स्वतंत्र विचार करून ठेवला आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, पण पहिल्यांदा कोणी सांगितले ते माहीत नाही, अशा परंपरेला ‘ऐतिह्य’ म्हणतात. पौराणिकांनी तिला वेगळे प्रमाण मानले. न्यायसूत्रांनी तिचा समावेश शब्दप्रमाणात केला. वाचस्पतिमिश्रांनी ‘सांख्यतत्त्वकौमुदी’त दिलेले उदाहरण कोणत्याही गावाला लागू पडेल असे आहे : या वडावर यक्ष राहतो, असे म्हणतात. कोण म्हणतो? ते सांगता येत नाही. मूळ वक्ताच अज्ञात असल्याने अशा विधानाबद्दल संशय राहतो, म्हणून ते प्रमाण ठरत नाही. वक्ता कोण हे कळले आणि तो विश्वासार्ह ठरला, तर तेच विधान आप्तवाक्य होते आणि प्रमाण बनते. ऐकीव गोष्ट सरसकट फेकून द्यावी असे यात कुठेही म्हटलेले नाही. तिचा बोलविता धनी शोधावा, एवढेच अपेक्षित आहे.

हा नियम नेसरीला लावला, की निकाल अनपेक्षित लागतो.

कथेत सर्वांत संशयास्पद वाटतो तो ‘सात’ हा आकडा. सप्तर्षी, सप्तपदी, सप्तमातृका, सात चिरंजीव आणि गावोगावच्या विहिरी-ओढ्यांवर पूजल्या जाणाऱ्या साती आसरा! सात ही संख्या आपल्या धार्मिक मनात इतकी खोल रुजली आहे, की सात वीरांची गोष्ट कवीने किंवा कीर्तनकाराने जुळवली असावी, अशी शंका कोणालाही यावी. पण याच आकड्याला समकालीन आधार आहे. मुंबईकर इंग्रजांचा दुभाष्या नारायण शेणवी १६७४ च्या वसंतात रायगडावर होता. एप्रिल १६७४ मध्ये त्याने मुंबईला पाठवलेल्या पत्राचा इंग्रजी मजकूर ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत टिकून आहे. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत झालेल्या झुंजीत प्रतापराव आणखी सहा स्वारांसह मारले गेले आणि बाकीच्या सैन्याची मदत त्यांना मिळाली नाही, असे तो कळवतो. खिंड, सहा स्वार आणि एकाकी झुंज, तिन्ही गोष्टी त्यात आहेत. घटना घडून दोन महिनेही झाले नव्हते. लिहिणारा रायगडावरच्या माणसांत वावरत होता, आणि मराठी वीरांची थोरवी गाण्यात त्याचे काही हित नव्हते. वाचस्पतिमिश्रांच्या कसोटीवर याहून बरा साक्षीदार मिळणे अवघड.

याउलट कथेतला जो भाग दप्तरातून उतरवल्यासारखा भासतो, तोच सर्वांत कच्चा आहे. तो म्हणजे सहा जणांची नावे. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल आणि विठोजी शिंदे ही यादी भाषणांत आणि समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरते. नेसरीच्या झुंजीशी ही सहा नावे जोडणारा समकालीन कागद मात्र नाही. नावे निव्वळ कल्पित आहेत असेही नाही. सिद्दी हिलाल हा खरा सरदार. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा तो मोडण्यासाठी तो नेताजी पालकरांबरोबर लढला होता आणि त्याचा मुलगा त्या लढाईत जखमी झाला होता. म्हणजे नावे खरी असू शकतात आणि तरी ती त्या दिवसाची नसतात. नाव, आडनाव, हुद्दा दिसला की वाचणारा निःशंक होतो, आणि दंतकथा टिकते ती बहुधा याच बळावर.

महेश मांजरेकर यांनी २०२२ मध्ये या विषयावर चित्रपट जाहीर केला. त्यात सहा वीरांना परंपरागत यादीपेक्षा वेगळीच नावे देण्यात आली आणि त्यावर आक्षेप घेतले गेले. त्याच सुमारास चित्रीकरणाच्या एका दृश्यात झुंबरावर विजेचे दिवे दिसल्याची चर्चा अधिक रंगली. विजेच्या दिव्याची चूक कोणाच्याही लगेच लक्षात येते आणि म्हणूनच ती फारशी हानी करत नाही. चुकीचे नाव दिसत नाही. ते पाठ होते, पुढे एखाद्या फलकावर चढते आणि एका पिढीत इतिहास होऊन बसते. या दोन चुकांचे वजन सारखे मानता येणार नाही.

महाराजांच्या पत्राचा भागही नीट पाहण्यासारखा आहे. १६७३ च्या एप्रिलमध्ये विजापूरजवळ उमराणीला प्रतापरावांनी बहलोलखानाला कोंडीत पकडले होते. खान शरण आला, तेव्हा प्रतापरावांनी त्याला सोडून दिले. महाराजांना ते मुळीच रुचले नाही. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला, तेव्हा त्याला बुडवल्याखेरीज तोंड दाखवू नये, अशी ताकीद त्यांनी दिल्याचे सभासद बखर सांगते. कवितेत मात्र सरनोबताला टोचतो तो रणातून पळ काढल्याचा ठपका. हा फरक लहान नाही. पळून गेल्याचा कलंक धुऊन काढणे आणि दया दाखवल्याची किंमत मोजणे, यांतली नैतिक गुंतागुंत अगदी निराळी आहे. उमराणीला प्रतापराव पळाले नव्हते. ते जिंकले होते. शरण आलेल्याला त्यांनी जीवदान दिले आणि त्याच माणसाने परत येऊन प्रदेशाला पीडा दिली. इतिहासातला हा प्रतापराव कवितेतल्यापेक्षा अधिक करुण आहे आणि अधिक मोठाही.

सभासदाचा विचार इथे आणखी एका कारणासाठी करावा लागतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांच्या पदरी असताना बखर लिहिली. तिच्यात नेसरीला मोठे युद्ध झाल्याचे आणि पुष्कळ रक्तपात झाल्याचे वर्णन आहे. सात जणांचा उल्लेख नाही. दोन साक्षी अशा वेगळ्या पडल्या की एकीला खोटे ठरवण्याची घाई होते. पण सरनोबत मोजक्या स्वारांनिशी पुढे घुसून पडले आणि मागाहून दोन्ही फौजा भिडल्या, असाही क्रम संभवतो. शेणव्याचे पत्र अधिक जवळच्या काळातले, म्हणून सात जणांच्या बाबतीत त्याचे वजन जास्त. एवढ्यावर थांबणे शहाणपणाचे.

जगात इतरत्रही असेच घडले आहे. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत इराणच्या सम्राटाला अडवणाऱ्या ३०० स्पार्टन वीरांची कथा सर्वश्रुत आहे. शेवटच्या दिवशी त्यांच्यासोबत थेस्पिया नगराचे ७०० लोक स्वखुशीने थांबले आणि मारले गेले, असे हिरोडोटसने स्वच्छ लिहिले आहे. तरी चित्रपटांत आणि बोलण्यात उरले ते तीनशेच. तिथे लोकप्रिय आकड्याने सातशे माणसे झाकून टाकली. नेसरीत आकडा टिकला आहे. तिथे धोका नावांचा आहे.

आता धर्माच्या अंगाने. समोरासमोर लढताना आलेल्या मरणाला शास्त्रांनी फार वरचे स्थान दिले आहे. पाठ न दाखवता लढणारे राजे स्वर्गाला जातात, असे मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो, की योगयुक्त संन्यासी आणि रणात सन्मुख पडलेला वीर हे दोघेच सूर्यमंडळ भेदून पलीकडे जातात. या न्यायाने प्रतापरावांच्या गतीविषयी शंकेला जागा नाही.

तरीही त्यांचे कृत्य धर्माचे होते की रागाचे, हा प्रश्न संपत नाही. सरनोबत हा सेनेचा प्रमुख. तो पडला तर सैन्य निर्नायकी होते. महाराजांची युद्धनीतीही मोजक्या माणसांचे प्राण जपून शत्रूला जेरीस आणण्याची होती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या पेचाची दोन्ही टोके सापडतात. ३४ व्या श्लोकात श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात, की मान्यता पावलेल्या माणसाला अपकीर्ती मरणाहून वाईट. प्रतापरावांचे मन इथे जसेच्या तसे दिसते. पण पुढे चारच श्लोकांनंतर, ३८ व्यात, सुखदुःख, लाभहानी, जयपराजय समान मानून लढायला सांगितले आहे. अपकीर्तीने पोळलेल्या माणसाला ही समता साधली असेल का? पहिल्या श्लोकाने पाहिले तर नेसरीची झेप क्षात्रधर्माचे शिखर आहे; दुसऱ्याने पाहिले तर तिच्यात मानाची जखम आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य आहे, आणि गीतेने दोन्ही श्लोक एकाच संवादात ठेवले आहेत. वीराला निर्दोष ठरवल्याशिवाय त्याला वंदन करता येत नाही, ही समजूत त्या परंपरेतून आलेली नाही.

महाराजांनी या मृत्यूचा शोक केला, असे सभासद सांगतो. सेनापतिपद हंबीरराव मोहित्यांकडे गेले. मराठा सरदार आनंदराव यांनी मार्चमध्ये बहलोलखानाच्या जहागिरीत शिरून संपगाव लुटले. जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्याला प्रतापराव नव्हते. पुढे १६८० मध्ये त्यांची कन्या जानकीबाई हिचा विवाह राजाराम महाराजांशी झाला.

राहिले ते सहा जण. त्यांच्या बाबतीत या भूमीने आपले उत्तर फार पूर्वी दगडात कोरून ठेवले आहे. करवीर तालुक्यातील बीड हे गाव वीरगळांसाठी, म्हणजे पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांसाठी, ओळखले जाते. वीरगळाची शिळा खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो किंवा ढाल-तलवार घेऊन झुंजत असतो. काही ठिकाणी शेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे तो गोधन राखताना पडला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सर्वांत वरच्या चौकटीत शिवलिंग असते आणि तो वीर त्याच्यापुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर चंद्रसूर्य. शिवरात्रीला पडलेल्या माणसांना हे शिल्प किती जवळचे वाटले असते!

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नाही. नाव नाही, गाव नाही, शक नाही. तरी शतकानुशतके लोकांनी त्यांना शेंदूर लावला, नैवेद्य दाखवला. तो वीर कोण होता हे न जाणता त्याच्यापुढे वाकण्यात कोणालाही अडचण आली नाही. श्रद्धेचा विषय होता तो त्याने केलेला त्याग, आणि त्याला नावाची गरज पडली नाही. तुकोबांनी पाइकाच्या अभंगांत भक्ताला शिपायाची उपमा दिली, तिथेही पाईक मोठा ठरतो तो स्वामिनिष्ठेने.

म्हणून नेसरीच्या सहा जणांना खात्री नसलेली नावे चिकटवणे हा त्यांचा सन्मान नाही. जे खरोखर पडले ते त्या नावांआड दुसऱ्यांदा नाहीसे होतात, आणि ज्यांची नावे वापरली जातात त्यांचा खरा पराक्रम, जसा सिद्दी हिलालचा पन्हाळ्याचा, विसरला जातो. नेसरी-कानडेवाडी परिसरातल्या प्रतापरावांच्या स्मारकावर येणाऱ्यांना, शाळेत ही कथा सांगणाऱ्यांना आणि पडद्यावर आणणाऱ्यांना एवढेच मागणे आहे : आकडा शेणव्याच्या पत्रातला आहे, पळून गेल्याचा ठपका कवितेतला आहे आणि नावे नंतरची आहेत, हे वेगवेगळे सांगावे. एखादा नवा कागद सापडून नावे कळतील तेव्हा ती कोरावीत. तोवर शेणव्याने लिहिले तसे त्यांना सहा स्वार म्हणावे.