मरण कोठून आले?



गेल्या कार्तिकात पांढुर्णा व सौंसर या भागात प्रवचनानिमित्त फिरणे झाले. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यातून निघून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. बोली मात्र पूर्वीचीच, आणि घरोघर संत्र्याची चर्चा. एका बागाईतदार सद्भक्ताच्या घरी प्रसाद होता. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा वर्षभरापूर्वी लिंगैक्य झालेला. मी नेहमीच्या सवयीने बोलून गेलो की पान गळते म्हणून पालवी फुटते. दाराशी उभी असलेली त्याची आई म्हणाली, "महाराज, पिकलं पान गळते हे समजते. माहं तं कवळं होतं."

मी गप्प झालो. तिच्यासमोर जे बोलता आले नाही ते आज येथे लिहितो आहे.

मरण सृष्टीइतके जुने आहे, असे आपण धरून चालतो. तसे नाही. जीवाणू वाढतो आणि एकाचे दोन होतात. मागे प्रेत उरत नाही. उपासमारीने, उष्णतेने तो मरतो, पण आपल्यासारखा वय होऊन देह ठेवण्याचा नियम त्याला नाही. पृथ्वीवर साडेतीनशे कोटी वर्षे जीव आहे, आणि त्यातील फार मोठा काळ असेच जीव होते. पुढे अनेक पेशी एकत्र राहू लागल्या, त्यांनी कामे वाटून घेतली. थोड्या पेशींनी बीज सांभाळले, बाकीच्यांनी देह होण्याचे कायक पत्करले. वाइझमान या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा भेद मांडला: बीजाची परंपरा चालते, देह थांबतो. म्हणजे डोळा, हात, मेंदू ज्या वाटेने आले, त्याच वाटेने वार्धक्याचे मरणही आले.

इतकेच नव्हे, देह घडतो तोही मरणाच्या हाताने. गर्भात हात प्रथम वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी मरतात तेव्हा बोटे सुटी होतात. ज्या तळहातावर आपण इष्टलिंग धरतो, तो तळहात असा घडला आहे. संत्र्याच्या झाडात पाणी शेंड्यापर्यंत चढते ते मेलेल्या पेशींच्या नळ्यांतून. पेशी जिवंत असती तर नळी झालीच नसती.

येथे एक सांगून ठेवतो. आपले षट्स्थल म्हणजेच उत्क्रांती, असे उत्साहाने लिहिणारे लेख माझ्याकडे येतात. मला ते पटत नाही. ऐक्यस्थल हे साधकाचे गंतव्य आहे. उत्क्रांतीला गंतव्य नाही. साधे जीव मागे पडले, गुंतागुंतीचे जिंकले, असेही घडलेले नाही. सौंसरच्या आसपास लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या अश्मीभूत वनस्पतींवर बीरबल साहनी व एच. एस. राव यांचा निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अझोला आहे, पाण्यावर तरंगणारे चिमुकले नेचे. साडेसहा कोटी वर्षांच्या सुमारास येथे लाव्हा वाहिला, थांबला, तळी साचली, तळ्यात हा अझोला वाढला, आणि पुन्हा लाव्हा आला. त्याच युगाच्या अखेरीस महाकाय डायनासोर नष्ट झाले. अझोल्याचे कुळ आहे. आज शेतकरी तो हौदात वाढवून गुरांना घालतात. त्याच्या पानात राहणारे सूक्ष्म जीव त्याला हवेतला नत्र पुरवतात. दोघांचा हा दासोह अजून मोडलेला नाही.

साहनींनी लखनौला पुरावनस्पतींच्या अभ्यासासाठी संस्था उभारली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली, आणि १० एप्रिलला साहनी गेले. पुढचा भार त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी उचलला.

आता त्या माउलीचा प्रश्न. वरचे सर्व खरे असले तरी ते वार्धक्याच्या मरणाचे उत्तर आहे, तिच्या मुलाच्या मरणाचे नव्हे. मरण का आहे हे शास्त्र सांगते. त्याच घरी, त्याच वर्षी का, हे ते सांगत नाही, आणि मलाही सांगता येत नाही. पूर्वकर्मावर बोट ठेवून मोकळे होणे सोपे होते. ते मी केले नाही, एवढेच. माझी चूक ही की सृष्टीचा नियम मी सांत्वन म्हणून तिच्या हाती दिला.

निघताना वडिलांनी शेताच्या कडेची समाधी दाखविली. ती काळी माती म्हणजे त्याच लाव्हाचा झिजलेला दगड. पलीकडे कलमांची एक ओळ होती. जंबेरीच्या खुंटावर मुलाने स्वतः डोळे भरले होते. झाडे अजून फळाला आलेली नाहीत. खुंटातून जंबेरीचे फुटवे येतात, ते वेळीच काढले नाहीत तर वरचा संत्रा मरतो. आई रोज सकाळी जाऊन ते खुडते, असे ते म्हणाले.