हळू गाडीचं ओझं कुणाच्या हातावर?

गेल्या दिवाळीत अकोल्याला घरी गेले होते. आजीचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, फराळाला आले होते. त्यांना मी फोनवर एक रील दाखवली. गवतात बुडालेले अरुंद रूळ, गंजलेला डबा, मागे एक उदास जुनं गाणं आणि खाली ओळ : ‘शकुंतला, आपण तुला विसरलो’. मामाआजोबांनी चष्मा वर करून ती दोनदा पाहिली.

“गाणं चांगलं आहे,” ते म्हणाले.

“आणि गाडी?”

“गाडीत तं कोनीच नाही बाप्पा.”

मामाआजोबा त्या गाडीवर फायरमन होते. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारा माणूस. त्या दिवसापासून मला एक प्रश्न छळतोय. एखादी जुनी, हळू, हातानं चालणारी गोष्ट आपल्याला आवडते, तेव्हा नक्की काय आवडतं? आणि ती टिकावी असं म्हणायचा हक्क मला, तिच्यात कधी राबले नाही अशा मुलीला, कुठून मिळतो?

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं गाडीविषयी. अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मार्गावरचं स्टेशन. तिथून अडीच फूट रुंदीचा एक रूळ उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला जायचा. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. दोन्ही मिळून साधारण १९० किलोमीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे रूळ टाकले गेले, ते वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणून मुंबईच्या बंदराकडे रवाना करायला. तिथून तो मँचेस्टरला जायचा. पुढे या रुळांवर सत्तरेक वर्षं धावलेलं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरमध्येच बांधलेलं होतं. कापूस तिकडे गेला, लोखंड इकडे आलं.

रूळ सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खासगी कंपनीच्या मालकीचे होते आणि तिचा कारभार किलिक निक्सन पाहत असे. १९५१ मध्ये मोठ्या रेल्वे कंपन्या सरकारच्या ताब्यात आल्या, ही मात्र राहून गेली. म्हणून ‘आपण अजून इंग्रजांना भाडं देतो’ असा मजकूर दर काही महिन्यांनी फिरत असतो. तो अर्धाच खरा आहे. किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईत इंग्रजांनी काढलेली पेढी खरी, पण स्वातंत्र्यानंतर ती भारतीयांच्या हाती आली. आपला संताप चुकीच्या पत्त्यावर जातो, आणि गाडी का थांबली हा प्रश्न तसाच राहतो.

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचं इंजिन निवृत्त झालं आणि डिझेल आलं. मी लहानपणी बसले ती डिझेलची शकुंतला. आजीच्या माहेरी जाताना मूर्तिजापूरहून अचलपूरची गाडी धरायची. ७६ किलोमीटरला चार तास. तिकीट बसच्या मानानं इतकं स्वस्त, की आजी उरलेल्या पैशांत मला पेरू घेऊन द्यायची. गाडीत दुधाच्या किटल्या, भाजीच्या टोपल्या, शाळकरी पोरं. अखेरच्या काळात मोजून सातेक माणसं ही सगळी गाडी हातानं चालवत. सिग्नल तेच पाहत, तिकिटं तेच देत, इंजिन तेच सोडत आणि जोडत.

हे लिहितानाही माझा आवाज मऊ होतोय, हे मला कळतंय. म्हणून मामाआजोबांनी सांगितलेलं त्यांच्याच क्रमानं सांगते.

वाफेचं इंजिन किल्ली फिरवून चालू होत नाही. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला कित्येक तास लागतात. सकाळची गाडी असेल तर रात्रीच भट्टी पेटवायची. आधी लाकूड आणि तेलात भिजलेल्या चिंध्या, मग कोळसा. कोळसा ओतायचा नाही, फावड्यानं पसरायचा. चारही कोपऱ्यांत सारखा, पातळ थर. एका जागी ढीग पडला तर तिथली आग गुदमरते आणि धूर काळा होतो. धूर पाहून ड्रायव्हर मागे न वळता ओळखायचा की फायरमन नवा आहे. चढ यायच्या आधी आग तयार हवी. चढावर पोचल्यावर कोळसा टाकला तर उशीर झालेला असतो. फेरी संपली की राख काढायची, जळून चिकटलेले खडे सळईनं फोडायचे. हे सगळं मे महिन्यात, वऱ्हाडात, जिथे बाहेरच पारा पंचेचाळीसला टेकतो.

“तुले वाटते आमी प्रेमानं करत होतो?” ते म्हणाले. “डिझेल आलं त्या दिवशी म्या घरी येऊन झोपलो. दिवसभर झोपलो.”

माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळालं, आणि ते मला आवडलं नाही. ज्या संथपणाचं मला कौतुक, तो कुणाच्या तरी भाजलेल्या हातांवर उभा होता. दुसऱ्याच्या कष्टाला ‘वारसा’ म्हटलं की ते सुंदर दिसू लागतात आणि ते कमी व्हावेत असं वाटणं बंद होतं. आजीचं पाट्यावरचं वाटण, आईची चूल, विहिरीवरचा रहाट या सगळ्यांबाबत आपण हेच करतो. चव आठवते, खांदा आठवत नाही. कारण खांदा आपला नव्हता.

मग सगळं सोडून द्यावं? चौथऱ्यावर एक रंगवलेलं इंजिन ठेवावं, शेजारी सेल्फीची जागा करावी आणि मोकळं व्हावं?

तसंही मन मानत नाही, आणि त्याचं कारणही मामाआजोबांच्याच बोलण्यात सापडलं. भट्टीच्या छतावर नेहमी पाणी हवं. पाणी खाली गेलं तर छत उघडं पडून तापतं आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून छतात शिशाचं एक बूच असतं. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरून आग दाबते. इंजिन वाचतं, माणसं वाचतात. पण बूच वितळणं ही फायरमनसाठी शरमेची गोष्ट. याचा अर्थ तुझं काचेकडे लक्ष नव्हतं. म्हणून ते दर थोड्या वेळानं काचेतलं पाणी पाहत. कोणी साहेब पाहत असो वा नसो.

“मंग ते प्रेम नव्हतं का?” मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

ते हसले. “थे जबाबदारी होती. मांगं माणसं बसली होती ना.”

इथे दोन गोष्टी मला वेगळ्या करता आल्या. कष्ट आणि काळजी. कष्ट गेले ते चांगलंच झालं. ते परत आणा असं म्हणणाऱ्यानं आधी दोन तास फावडं धरावं. पण ‘मागे माणसं बसली आहेत’ ही जाणीव त्या कष्टांसोबत गेली असेल, तर मात्र आपलं नुकसान झालंय.

जुनी रेल्वे जपण्याचे जगात बरेच मार्ग आहेत. वेल्समधली तालिलिन ही पाटीच्या दगडाची छोटी रेल्वे बंद पडायला आली, तेव्हा १९५१ साली हौशी लोकांनीच ती चालवायला घेतली. आठवडाभर नोकरी करणारी माणसं सुट्टीत येऊन कोळसा टाकू लागली, रूळ नीट करू लागली. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. ज्यांना आवडलं त्यांनीच ओझं उचललं. आपल्याकडे दार्जिलिंगच्या रेल्वेला १९९९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. तिथे वाफेच्या इंजिनाच्या पुढे बसून ओल्या रुळांवर वाळू टाकणारी माणसं असतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. पण तो त्यांचा रोजगार आहे. त्यांना पगार मिळतो की नाही, पाठ दुखली तर सुट्टी मिळते की नाही, हे वारशाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. तिथे जाणाऱ्यानं निदान हा प्रश्न मनात ठेवून जावं.

शकुंतलेचं प्रकरण या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. ती हौसेची गाडी नव्हती आणि डोंगरातली सहलही नव्हती. ती गरिबाची गाडी होती. ती बंद झाल्यावर अचलपूर, अंजनगाव, दर्यापूरकडच्या लोकांनी आंदोलनं केली, ती वाफेच्या शिट्टीसाठी नव्हती. स्वस्त तिकिटासाठी होती, टोपली घेऊन चढता येईल अशा डब्यासाठी होती. २०१६ मध्ये या मार्गाच्या ब्रॉडगेजची घोषणा झाली. मधल्या वर्षांत रुळांवर गवत वाढलं आणि आमच्या फोनवर रील वाढल्या.

म्हणून माझं आताचं मत असं आहे. एखादी गोष्ट जपायची, तर आधी विचारावं, ती कुणासाठी होती? त्या माणसांचं काम अजून होतंय का? होत नसेल तर इंजिनाला कितीही रंग लावा, ते जपणं नाही. आणि काम नव्या गाडीनं होत असेल, तर जुनी गेली म्हणून फार रडू नये. माझ्या हळहळीला किंमत आहे, पण ती किंमत मला द्यायला लागली तरच. मी पुण्यात बसून उसासे टाकायचे आणि दर्यापूरच्या बाईनं दुप्पट भाडं भरायचं, हा सौदा नीट नाही.

माझ्या मतात एक भोक आहे, ते मला दिसतं. उपयोग संपला की सगळंच टाकायचं का? मग देवळं, वाडे, बोलीभाषा? याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणता येईल, की ज्याला टाकवत नाही त्यानं ते हातात घ्यावं. म्हणून मी त्या दिवशी मामाआजोबांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं, दोन तास, त्यांच्या वऱ्हाडीत. ते रील करण्यासारखं नाही. त्यात खोकला आहे, कुकरच्या शिट्ट्या आहेत.

निघताना मी त्यांना म्हटलं, मोठी गाडी होईल म्हणतात, तीन तास वाचतील. त्यांनी चपला घालत विचारलं,

“थे कापूसतळणीले थांबन का?”