ज्याला दुखत नाही त्याच्यासाठी

सकाळी जाग आली की लगेच उठू नका. थोडा वेळ तसेच पडून राहा.

खिडकीतून उजेड आलाय, दूधवाला येऊन गेलाय, स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागलीत. असू दे. तुमच्या पोटावर स्टोमा असेल आणि तो जागा सोडून बाहेर यायला लागला असेल, तर हे मनन तुमच्यासाठी आहे. डॉक्टर त्याला प्रोलॅप्स म्हणतात, घरात आपण ‘आतडं बाहेर आलंय’ म्हणतो. तुमच्या माणसाला हा त्रास असेल तर त्याच्या शेजारी बसून हे हळू आवाजात वाचून दाखवा. मधे थांबावंसं वाटलं तर थांबा. आज संपलं नाही तर उद्या वाचा.

उताणे पडा. गुडघे वर घ्या, तळपाय गादीवर टेकवा. असं केलं की पोट सैल पडतं. आता एक हात स्टोमावरच्या पिशवीवर ठेवा. दाबू नका. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवतो, तेवढाच भार. तळहाताला काय लागतं? आधी ऊब लागेल, मग काहीतरी मऊ. रात्रभर आडवं राहिल्यावर ते बहुतेक वेळा आखूड झालेलं असतं. दिवसभर उभं राहिलं, कामं केली, की संध्याकाळी पुन्हा लांबतं. या भरती-ओहोटीची एकदा ओळख झाली की तिची निम्मी भीती कमी होते.

माझ्या पोटावर उजव्या अंगाला, बरगड्यांच्या खाली, सहा वर्षांपासून स्टोमा आहे. मोठ्या आतड्याचा वळसा वर घेऊन केलेला, लूप कोलोस्टॉमी. या प्रकारात प्रोलॅप्सचं प्रमाण जास्त असतं. मला ते झाल्यावर कळलं, आणि आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे पहिल्यांदा सांगून टाकते.

आता जीभ गालाच्या आतून सावकाश फिरवा. ओलं आहे, गुळगुळीत आहे, ऊबदार आहे. आरशात पाहिलं तर लालसर गुलाबी दिसेल. स्टोमा हा मूळचा ग्रीक शब्द, त्याचा अर्थच ‘तोंड’. चांगल्या स्टोमाचा रंग आणि ओल तुमच्या गालाच्या आतल्या बाजूसारखी असते. पहिल्यांदा पाहताना ज्याची किळस वाटली, ते आपण जन्मभर तोंडात बाळगत आलोय. जीभ आणखी एकदा फिरवा आणि हे जरा मुरू द्या.

एक फरक मात्र आहे. जेवताना गाल चावला गेला तर आपण कळवळतो. स्टोमाला असं दुखत नाही. कापलं, खरचटलं की कळ पोचवणाऱ्या नसा त्या अस्तरात नाहीत. पिशवीच्या कडेने तो कापला, पट्ट्याखाली चेंगरला, भोक लहान पडून आवळला गेला, तरी तो तुम्हाला हाक मारणार नाही. पिशवीत रक्ताची रेघ दिसेल तेव्हा कळेल.

सहा वर्षं मी या एका गोष्टीपाशी येऊन थांबते. बोटाला चटका बसला की हात आपोआप मागे येतो, विचार करावा लागत नाही. बाकीच्या देहाला दुखणं हाच पहारेकरी आहे. या एवढ्याशा जागेला तो मिळालेला नाही. तिच्या वाट्याचं दुखणं आपण लक्ष ठेवून भरून काढायचं आहे. दिवसातून चार-पाच वेळा डोळ्यांनी पाहायचं, हाताने चाचपायचं. आज रंग कसा आहे, कालपेक्षा किती लांब आहे, कड कुठे लागतेय. झोपलेल्या तान्ह्या बाळाला आई कामाच्या मधूनमधून पाहून जाते, तसं.

हात तिथेच राहू द्या. डोळे मिटा.

मनातल्या मनात न्हाणीघरात जा. नळाखाली भरलेली बादली आहे, काठोकाठ. वीस लिटरची, म्हणजे वीस किलो पाणी, वर बादलीचं वजन. वाका. कडी धरा. आता उचला. मनातच उचलायची आहे, पण खरोखरीची उचलल्यासारखी.

श्वास कुठे आहे?

माझा तर दर वेळी थांबलेला असतो. कडीला बोटं लागण्याच्या आधीच छाती भरून घेतलेली असते आणि गळा बंद झालेला असतो. तुमचंही बहुधा तेच झालं असेल. पोट म्हणजे चहूकडून बंद असलेली जागा आहे. वर श्वासाचा पडदा, खाली ओटीपोटाचा तळ, मागे कणा, पुढे स्नायूंची भिंत. श्वास कोंडून जोर केला की वरचा पडदा खाली दाबला जातो, भिंती आवळतात आणि आतला दाब एकदम चढतो. तो दाब जिथे भिंत कमजोर आहे तिकडेच धावतो. आपल्या भिंतीला शस्त्रक्रियेत मुद्दाम एक दार ठेवलंय. आतडं त्या दारातून पुढे सरकतं, सदऱ्याची बाही आतून उलटून बाहेर यावी तसं.

म्हणजे ओझं उचलण्याच्या कितीतरी आधी ताण सुरू झालेला असतो. श्वास अडला तिथे तो जन्मला. तो क्षण पकडता यायला लागला की खूप काही हातात येतं. मनातली बादली खाली ठेवा. पुन्हा वाका, पुन्हा कडी धरा, आणि या वेळी तोंडाने हळूच श्वास सोडत राहा, गरम चहावर फुंकर घालतो तसा. उचलू नका. नुसती कडी धरून श्वास सोडा. हाताखालचं पोट आवळत नाही, बघा. असं तीनदा करा, चारदा करा. मी रोज करते.

दोन वर्षांपूर्वी मी कढीपत्त्याची कुंडी सरकवली होती. गॅलरीतलं ऊन सरकलं होतं, कुंडी जेमतेम हातभर पुढे घ्यायची होती. उचललीही नाही, नुसती ओढली. मातीला पाणी घातलेलं असल्यामुळे ती जड झाली होती, फरशीला चिकटली होती, मी दात-ओठ खाऊन जोर केला. पंधरा मिनिटांनी पिशवी जड लागली म्हणून पाहिलं, तर अंगठ्याएवढा असलेला स्टोमा पूर्ण वीतभर बाहेर आला होता. कुठे काही दुखलं नव्हतं. मी घाबरून ह्यांना हाक मारली आणि हाक मारताना पुन्हा श्वास कोंडला, तेही आठवतंय.

असं झालं तर काय करायचं, ते अगदी सावकाश सांगते. आडवं व्हायचं. पहिली काही मिनिटं फक्त श्वास सोडण्याकडे लक्ष द्यायचं, कारण घाबरलेलं पोट घट्ट असतं आणि घट्ट पोटात काही परत जात नाही. थंड पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं वरून ठेवायचं. बर्फ थेट लावायचा नाही, तो भाजतो आणि भाजलेलं आपल्याला कळणार नाही. आतड्याला सूज असेल तर स्टोमा नर्स त्यावर साधी साखर पसरून वीस-तीस मिनिटं ठेवायला सांगतात. लोणच्यासाठी फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच साखरेने सुजेतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि आतडं लहान होतं. मग टोकाकडून तळहाताने हलका, एकसारखा दाब. पण साखर आणि दाब या दोन्ही गोष्टी आधी नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून समोर बसून शिकून घ्याव्यात, वाचून करू नयेत. माझं त्या दिवशी नुसतं पडून राहिल्यावरच अर्ध्या तासात बरंचसं आत गेलं.

रंग जांभळा-काळपट होत असेल, आतडं थंड आणि कडक लागत असेल, पोट दुखून उलट्या होत असतील, पिशवीत काहीच येत नसेल, रक्त थांबत नसेल, किंवा नेहमी आत जाणारं आज जातच नसेल, तर मनन बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. सकाळपर्यंत वाट पाहू नका, मुलांची झोपमोड होईल म्हणून गप्प बसू नका.

आता उठू या. सरळ पाठीवरून झटक्याने उठायची सवय सोडायची आहे. कुशीवर वळा. पाय पलंगाखाली सोडा. कोपर आणि तळहात गादीवर रेटून, श्वास सोडत, बसते व्हा. सगळा भार हातांनी घेतला. पोटाला कळलंसुद्धा नाही. बसल्यावर दोन क्षण थांबा.

पिशवी बदलायची असेल तर पुन्हा थोडं आडवं होऊन बदला, तेव्हा स्टोमा आखूड असतो. भोक मात्र तो सगळ्यात फुगतो त्या मापाचं कापा. कडेला बारीक चिरा दिल्या की तो फुगेल तशी कड मागे सरते. माझ्या नर्सबाईंनी मला कडक रिंगच्या दोन भागांच्या पिशवीवरून मऊ, एकसंध पिशवीवर आणलं, तीही मोठ्या आकाराची. दुकानात हवी ती मिळत नाही कधी कधी. थांबा, मागवून घ्या. लहान मापावर भागवू नका.

संडासात बसल्यावरही श्वासाकडे लक्ष असू द्या. लूप स्टोमा असलेल्यांना खालच्या वाटेनेही कधी कधी लागल्यासारखं होतं. तिथे उरलेलं आतडं चिकट स्राव करत असतं, त्याचा तो दाब असतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने आपण कुंथतो. खाली होतं थोडंसं, वर मात्र आतडं इंचभर पुढे येतं. बसा, श्वास सोडा, येईल तेवढं येऊ द्या आणि उठा. आतून खडा झाल्यासारखं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहेत.

आणि खोकला. मिरचीची फोडणी, झाडताना उडालेली धूळ, थंडीतली सर्दी. ठसका थांबवता येत नाही, थांबवूही नये. पण तो यायच्या आधी अर्धा क्षण मिळतो. त्या अर्ध्या क्षणात तळहात स्टोमावर सपाट ठेवायचा आणि पोटाला आधार द्यायचा. सुरुवातीला माझा हात ठसक्यानंतर पोचायचा. आता शेजारच्या घरात फोडणी तडतडली तरी हात आपोआप पोटावर गेलेला असतो. चटका बसल्यावर हात मागे येतो, तसाच.

अंगाची हालचाल यातून बसवता येते. मनाला जास्त वेळ लागतो.

ज्या बाईने चाळीस वर्षं भरलेले हंडे आणले, गव्हाचे डबे माळ्यावर चढवले, गॅसचं भरलेलं सिलिंडर दारापासून ओट्यापर्यंत सरकवत नेलं, तिला ‘जरा ही कुंडी हलवता का’ म्हणताना जीभ जड होते. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीचं वजनही जवळपास तेवढंच, म्हणजे मिळून तीस किलोच्या आसपास. हे आकडे मला आता कळले. तेव्हा नुसतं उचलत होते. ‘मी करते’ हे दोन शब्द तोंडात इतके बसलेत की दुसरं वाक्य फुटत नाही. तुम्ही पुरुष असाल तर कदाचित आणखीच जड जात असेल. स्टेशनवर बायको बॅग उचलतेय आणि आपण रिकाम्या हातांनी चाललोय, लोक पाहताहेत.

त्या क्षणात थोडं थांबा. लाज कुठे लागते? मला गळ्यात लागते, आणि गंमत नाही हं, श्वास तिथेच अडतो. ओझं उचलताना अडतो तिथेच. म्हणजे मदत मागण्याची लाज धरून ठेवणं हाही एक भार उचलणंच झालं. तो मी आता श्वास सोडत खाली ठेवते आणि एवढंच म्हणते, “मला उचलायची बंदी आहे, तेवढं धरा.” कारण सांगत बसत नाही.

पिशवीवर हात ठेवलाय ना? ती पिशवी एका बहिणीच्या काळजीतून आली आहे. डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन नावाची नर्स होती. तिची बहीण थोरा हिला स्टोमा झाला आणि गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेना. 1954 साली एलिसेला कातडीला चिकटून बसेल अशा पिशवीची कल्पना सुचली. आज जगभर जे पोटाला चिकटवून माणसं कामाला जातात, त्याची सुरुवात दार लावून घरात बसलेल्या एका बाईपासून झाली. मला देवासमोर बसायचा संकोच वाटायचा. विटाळ होईल का, असं कुणी विचारलं नाही, मीच मला विचारत होते. थोराचं वाचलं त्या संध्याकाळी पिशवी रिकामी केली, हात धुतले आणि दिवा लावायला बसले. पाटावर नाही, बैठ्या स्टुलावर, उठताना जोर पडू नये म्हणून.

एकदा शेवटचं डोळे मिटा. श्वास येऊ दे, जाऊ दे. हाताखाली ऊब आहे का, पाहा.

सगळ्यात अवघड जड वस्तू माझ्या घरी साडेतीन वर्षांची आहे. नातू दारातून धावत येतो, दोन्ही हात वर करतो, “आजी, उचल.” त्या वर केलेल्या हातांना नाही म्हणणं बादलीसारखं मनात घोकून ठेवता येत नाही. पहिल्या वेळी मी पाठ फिरवून रडले. आता तो दिसला की मी आधी खुर्चीत बसते, श्वास सोडते आणि डावी मांडी थोपटते. तो खुर्चीच्या दांडीवर पाय देऊन, माझ्या खांद्याला धरून, स्वतः चढतो. उजवीकडे पाय न लावता चढायला त्याला दोन आठवडे लागले. काल वर येऊन बसल्यावर त्याने माझ्या पोटावरच्या हातावर आपला हात ठेवला, थोडा वेळ गप्प बसला आणि हळूच विचारलं, “झोपलंय?”

“हो,” म्हटलं, “झोपलंय.”