ठाऊक असलेलें भय

ज्या गोष्टीचा शेवट ठाऊक झाला तिचें भय संपलें, असा सर्वसाधारण समज आहे. भयपट एकदां पाहिला कीं त्याचें काम झालें. तो पुन्हां पाहणें म्हणजे सुटलेलें कोडें पुन्हां सोडवीत बसणें, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत निराळें आहे. उत्तम भयपट दुसऱ्या वेळींच पुरता कळतो. आणि तसें कां होतें, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नसून नीतीचाहि आहे.

आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा 'सायको' घ्या. खेळ सुरू झाल्यावर कोणासहि आंत सोडूं नये, असा त्यांचा दंडक होता. तेव्हां या चित्रपटाची सारी भिस्त अनपेक्षित धक्क्यावर असावी, असें वरवर दिसतें. कचेरींत काम करणारी मॅरियन, मालकानें बँकेंत भरण्यास दिलेले ४०,००० डॉलर घेऊन पळते, आडवाटेच्या मोटेलांत उतरते आणि कथेच्या मध्यावरच न्हाणीघरांत तिचा खून होतो. जिला नायिका समजत होतों ती अर्ध्यावरच नाहींशी झाल्यानें प्रेक्षक हादरतो.

दुसऱ्या वेळीं हा धक्का उरत नाहीं. पण धास्तीमुळें पूर्वीं न दिसलेलें आतां दिसूं लागतें. न्हाणीघरांत जाण्यापूर्वीं मॅरियन मोटेलच्या तरुण चालकाशीं, नॉर्मनशीं, बोलत बसलेली असते. भोंवतीं पेंढा भरलेले पक्षी असतात आणि बोलणें चालतें तें माणूस ज्या सापळ्यांत अडकतो त्याविषयीं. त्या बोलण्यांतूनच परत फिरण्याचा निश्चय तिच्या मनांत होतो. खर्च झालेल्या रकमेचा हिशेब ती कागदावर मांडते आणि तो फाडून टाकते. त्यानंतरचें स्नान हें पश्चात्तापानंतरचें स्नान आहे. पहिल्या वेळीं आपण पडद्याआडच्या सावलीस भ्यालों. दुसऱ्या वेळीं, सुधारूं पाहणाऱ्या जीवास एक रात्रहि मिळाली नाहीं, याचें दुःख होतें.

नॉर्मनच्या बाबतींत मात्र परीक्षा आपलीच होते. प्रेत घातलेली मोटार दलदलींत बुडतां बुडतां क्षणभर अडते, तेव्हां ती बुडावी अशी इच्छा मनांत उमटते. आईचें पाप झांकणाऱ्या मुलाची ही दया आहे, अशी सबब पहिल्या वेळीं तरी असते. पण खुनी तोच हें कळल्यावरहि दुसऱ्या वेळीं श्वास अडकतोच! आपली सहानुभूति किती सहज हातीं लागते, हें त्या क्षणीं उमगतें.

आपल्या रसशास्त्रास यांत नवल वाटणार नाहीं. भयानक रसाचा विचार करतांना अभिनवगुप्तांनीं शाकुंतलांतील दुष्यंताच्या बाणापुढें पळणाऱ्या हरिणाचें उदाहरण घेतलें आहे. त्या हरिणाचें पुढें काय होतें हें जाणत्या प्रेक्षकास ठाऊकच असतें. तरी रसास बाध येत नाहीं, कारण तें भय त्याच्या स्वतःच्या जिवाचें नसतें.

पुनःपुन्हां पाहून मन निबर होतें, असा आक्षेप कोणी घेईल. नुसत्या किंकाळ्यांवर उभारलेल्या चित्रपटांविषयीं तो खराहि आहे. परंतु जेथें माणूस रंगविलेला असतो तेथें उलट घडतें. आतां अंगावर काय येणार, ही पहिल्या वेळची चिंता पुष्कळशी आपलीच असते. ती ओसरली म्हणजेच समोरच्या माणसावर काय कोसळत आहे, हें पाहण्यास मन मोकळें होतें.