कातळाची साक्ष समुद्रात

खर्डी मागे पडली की कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलच्या दोन्ही बाजूंनी कातळ जवळ येऊ लागतो. उंबरमाळीला उतरून पाहावे. पावसाळ्यात त्या कातळावर शेवाळ आणि तेरडा असतो, वैशाखात तो उघडा पडतो आणि दुपारी हात लावू देत नाही. पुढे घाटात जिथे रस्त्यासाठी दरड कापली आहे, तिथे काळ्या थरांच्या मध्ये कुठेकुठे एक तांबडा पट्टा दिसतो. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्यावर पाऊस पडून माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती माती भाजून काढली. राब भाजल्यावर वावरातली माती जशी तांबूस होते, तसाच हा रंग.

शहापूर-मुरबाडकडच्या शाळांत बोलायला गेलो की मुले एक प्रश्न हमखास विचारतात: आपल्याकडे जीवाश्म सापडतील का? बरीच वर्षे मी सरळ ‘नाही’ म्हणत असे. वितळलेल्या दगडात कोणाचे हाड शिल्लक राहणार? दोन लाव्हांच्या मधल्या काळात कुठे तळे साचले असेल, तर त्याच्या गाळात काही टिकते. मुंबईत वरळीला असा गाळ सापडला आणि त्यातल्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. आपल्या बाजूला मात्र बहुतेक ठिकाणी थरावर थर, मध्ये फार तर तो तांबडा पट्टा. तरीही मी मुलांना अर्धेच उत्तर देत होतो, असे आता वाटते. या कातळाच्या जन्माला साक्षीदार होते आणि त्यांचे जीवाश्म आजही आहेत. ते इथून हजारो किलोमीटर दूर, समुद्राच्या तळाशी पडलेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक खसखशीच्या दाण्याहून लहान आहेत.

या जीवांना फोरामिनिफेरा म्हणतात. एकाच पेशीचा जीव. पण तो स्वतःभोवती चुन्याचे कवच बांधतो, वाढत जाईल तसा त्याला एकेक दालन जोडत जातो. काही जाती पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, काही तळाच्या चिखलात राहतात. मेल्यावर कवच तळाशी बसते, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. असे लाखो वर्षे चालते. जहाजावरून पोलादी नळी तळात घुसवून हा गाळ उभाच्या उभा वर काढतात. मग तो भिजवायचा, बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच वेचायचे. तांदूळ निवडत बसलेल्या बाईला हे काम कोणी समजावून सांगायला नको.

मुंबईत हे वेड जुने आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूरचनेवर निबंध लिहिला, इथल्या तळ्यांतले गोड्या पाण्यातले स्पंज तपासले आणि सिंधमधल्या फोरामिनिफेरांच्या जीवाश्मांच्या चकत्या करून त्यांची अंतर्रचना पाहिली. या कवचांत समुद्राचे तापमानही नोंदलेले असते, हे त्यांच्या काळी कोणाला माहीत नव्हते.

ती नोंद अशी होते. पाण्यातला ऑक्सिजन मुख्यतः दोन वजनांचा असतो, हलका सोळा आणि जड अठरा. जीव कवच बांधतो तेव्हा दोन्ही वापरतो, पण पाणी जितके थंड तितका जड ऑक्सिजनचा वाटा थोडा वाढतो. ध्रुवांवर बर्फाचे थर साचले तर हलका ऑक्सिजन त्यात अडकून पडतो आणि समुद्राचे पाणीच जड होते, म्हणून तोही हिशेब करावा लागतो. हॅरोल्ड युरी यांनी १९४७ मध्ये या विचाराचा पाया घातला आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये फोरामिनिफेरांच्या कवचांवरून हिमयुगातल्या समुद्राची तापमाने मांडली. वैद्याने नाडी पाहावी तशी मेलेल्या कवचांवरून समुद्राची प्रकृती पाहता येऊ लागली.

आता उंबरमाळीच्या कातळाकडे येऊ. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांना भूवैज्ञानिकांनी खालून वर नावे दिली आहेत. सर्वांत खालच्या दोन गटांची नावे आपल्याच शेजारची आहेत, जव्हार आणि इगतपुरी. महाबळेश्वरचा थर पार वरच्या थरांतला. म्हणजे घाटाखालची ही आपली भुई त्या सगळ्या उद्रेकाच्या सुरुवातीच्या काळातली आहे. तो काळ सुमारे ६ कोटी ६३ लाख वर्षांपूर्वीचा. डायनासोर अजून चालत होते. लाव्हाबरोबर प्रचंड प्रमाणात कार्बन डाय-ऑक्साइड हवेत गेला. त्याचा परिणाम काय झाला हे सह्याद्रीचा दगड सांगू शकत नाही, कारण हवेचा हिशेब त्याच्याजवळ नाही.

तो हिशेब दक्षिण अटलांटिकमध्ये सापडला. २००३ मध्ये वॉल्विस नावाच्या समुद्रातल्या डोंगररांगेवर, जवळपास पावणेपाच किलोमीटर खोल पाण्याखाली, एक विंधण घेतले गेले. त्या गाळातल्या, तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांची कवचे तपासली, तेव्हा दिसले की डायनासोरांच्या अंताच्या सुमारे तीन लाख वर्षे आधी खोल समुद्राचे पाणी दोन-चार अंशांनी तापू लागले होते. आपल्या या लाव्हाचा, म्हणजे दख्खनचा, उद्रेक सुरू झाला तो हाच काळ. मला या गोष्टीचे नवल ओसरत नाही. कसारा घाटाखाली जमीन फाटली आणि आफ्रिकेपलीकडच्या समुद्राच्या काळोख्या तळाशी एका पेशीच्या जिवाने ते आपल्या कवचात लिहून ठेवले.

पुढची घटना सर्वांना ठाऊक आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, चिक्शुलूबला, अशनी आदळला. इटलीतल्या गुब्बिओच्या चुनखडकात एक बोटभर चिकणमातीचा थर आहे. त्याच्या खाली मोठी, नक्षीदार फोरामिनिफेरा आणि वर एकदम बारकी, ओबडधोबड. तरंगणाऱ्या बहुतेक जाती त्या थराशी संपल्या. तगल्या त्यांत गेम्बेलिट्रिया ही बुटकी जात होती. पाणी बिघडले की तिचीच भरभराट होई. तिची गर्दी दिसली की अभ्यासक समजतात, समुद्र आजारी होता.

या विनाशात दख्खनचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी लाव्हाची वये छापली. एका गटाला अशनीच्या थोडे आधी मोठा उद्रेक दिसला, दुसऱ्याला बहुतेक लाव्हा अशनीनंतरचा वाटला. यातल्या एका गटाने वये काढली ती तांबड्या पट्ट्यांतल्या झिरकॉनच्या स्फटिकांवरून. दूरच्या ज्वालामुखीची राख त्या मातीवर पडली आणि तिच्यातले हे स्फटिक मातीत राहिले. दरडीतला तो पट्टा घड्याळाचे काम करतो, हे पुढच्या वेळी शाळेत आवर्जून सांगायचे ठरवले आहे.

घड्याळ का लागते, याची गोष्ट मात्र वेगळ्या दगडात आहे. उंबरमाळीवरून धडाडत जाणारी काशीची गाडी इगतपुरी, भुसावळ, जबलपूर करत सतना-माणिकपूरला पोहोचते. तिथून चित्रकूट जवळ. तिथले खडक विंध्य समूहातले, आपल्या कातळाहून कितीतरी जुने. १९९८ मध्ये डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतले रफत आझमी यांनी जाहीर केले की विंध्य खडकांत त्यांना सूक्ष्म कवचांचे जीवाश्म सापडले आहेत आणि म्हणून हे खडक सुमारे ५४ कोटी वर्षांचे, प्राण्यांच्या पहिल्या बहराच्या काळातले असले पाहिजेत. खडक याहून खूप जुने आहेत असे मानणाऱ्यांना हे पटले नाही. जीवाश्म खरे आहेत की नाहीत, इथपर्यंत शंका गेली.

स्टॉकहोमचे स्टेफान बेंग्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रकूटचे नमुने नव्याने तपासले. २००९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: जीवाश्म अस्सल आहेत, पण खडक सुमारे १६० कोटी वर्षांचा आहे. आझमींच्या डोळ्यांनी चूक केली नव्हती. सापडले ते खरेच होते. चुकले होते ते वय. आकार ओळखीचा वाटला म्हणून काळही ओळखीचा धरला गेला. मला वाटते, शंका घेणाऱ्यांनीही इथे थांबून विचार करायला हवा होता, कारण खडकाच्या वयाबद्दल ते बरोबर होते आणि जीवाश्मांबद्दल चुकीचे.

नंतर त्याच गटाने स्वित्झर्लंडमधल्या सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी दगड न फोडता आत पाहिले. पेशींच्या माळा दिसल्या, त्या पेशींत चकत्यांसारख्या रचना दिसल्या. २०१७ मध्ये जी नावे ठेवली गेली, त्यांत ही दोन होती: रफतआझमिया चित्रकूटेन्सिस आणि रामाथॅलस लोबाटस. एकात आझमींचे नाव, दुसऱ्यात चित्रकूटच्या रामाचे. ती लाल शैवले असावीत असा त्यांचा अंदाज आहे. तो सर्वांनी मान्य केलेला नाही, पण मान्य झाला तर पेशीत केंद्रक असलेले, अनेक पेशींनी एकत्र वाढणारे गुंतागुंतीचे जीवन आपण समजत होतो त्याहून कित्येक कोटी वर्षे मागे जाते. त्याच खडकात जिवाणूंच्या चटयांमध्ये अडकलेले, मिलिमीटरहून लहान बुडबुडे टिकून आहेत. ते प्राणवायूचे असावेत. समुद्रात प्राणवायू दुर्मीळ होता, त्या काळी चित्रकूटच्या उथळ पाण्यात तो असा फेसाळत होता.

पुन्हा दख्खनकडे येऊ. मध्य प्रदेशात छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीला, दख्खनच्याच दोन लाव्हांमधल्या गाळात समुद्रात तरंगणारी फोरामिनिफेरा सापडली. २००९ मध्ये गेर्टा केलर, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केले. आजच्या समुद्रापासून इतक्या आत समुद्राचे जीव कसे? नर्मदा-तापीच्या खोलगट पट्ट्यातून समुद्राची एक जीभ आत आली असावी, असे त्यांचे म्हणणे.

पावसाचा मागही याच कवचांतून लागतो. आपला नैर्ऋत्य वारा अरबी समुद्रावरून येताना ओमानच्या किनाऱ्याजवळचे वरचे पाणी ढकलतो, खालून थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही जात फोफावते. गाळात तिची कवचे जास्त, तर वारा जोराचा. १९८७ च्या विंधणांवरून सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी या वाऱ्याने जोर धरला असे मानले गेले. पुढे मालदीवजवळच्या गाळाने तो काळ १ कोटी २९ लाख वर्षांपर्यंत मागे नेला. गोव्यात दोना पावलाला असलेल्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत कारवारच्या समुद्रातल्या कवचांवरून अलीकडच्या शतकांतल्या पावसाचा माग काढला गेला आहे. मुंबईला पाणी देणारे तानसा आणि भातसा याच पावसावर भरतात, आणि त्यांच्या शेजारच्या पाड्यांत चैत्रात बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांग लावतात.

तो पाऊस कातळावर पडताना हवेतला थोडा कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन येतो, किंचित आंबट होतो आणि दगड कणाकणाने विरघळवतो. दगडातले कॅल्शियम ओहोळाने भातसेत जाते, भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, उल्हास वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला. तिथे तरंगणारा एखादा फोरामिनिफेरा पाण्यातून तेच कॅल्शियम उचलतो आणि आपल्या कवचाला पुढचे दालन जोडतो.