एकट्याची वाट आणि मुक्काम

आमच्या वर्धा जिल्ह्यात अलीकडे एक चाल पडली आहे. तरुण मुलगा, कधी चाळिशी ओलांडलेला गृहस्थसुद्धा, फटफटी किंवा मोटार काढतो आणि एकटाच लांबच्या वाटेला लागतो. कोणी पंढरपूर गाठतो, कोणी कन्याकुमारी, कोणी पार लडाख. मन मानेल तेथे थांबायचे, वाटले की उठायचे. घरची माणसे कुरकुरतात, म्हातारी आई रात्रभर डोळा लावत नाही. विचारले तर उत्तर तयार असते की, एकटे निघाल्याशिवाय माणसाला स्वतःची ओळख पटत नाही. आता आपण पडलो दिंडीची माणसे. आपण या उत्तराचा काय निवाडा करावा?

काही वृद्ध वारकरी मंडळी एका वाक्यात निकाल देतात : संगतीवाचून वाट ती कसली वाट! आम्हाला हा निकाल घाईचा वाटतो. अहो, आपल्याच संप्रदायात एकट्याने केलेली एक वाट प्रसिद्ध आहे. गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरविले. दुखावलेले नामदेवराय पंढरीहून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. त्या वाटेवर टाळ नव्हता, पताका नव्हती. सोबत होते ते फक्त दुखावलेले मन. पण वाट एकट्याची असली तरी शेवटी कोणीतरी बसलेले होते, आणि तेही पिंडीवर पाय ठेवून! ज्याच्यापुढे आपले शहाणपण गळून पडते असा माणूस त्या मुक्कामी होता. म्हणून आम्ही म्हणतो, एकटा निघाला की दहाजण निघाले हा प्रश्न दुय्यम. सायंकाळी उतरला कोठे, आणि उतरल्यावर त्याला कोणी काही विचारू शकले का, हे आधी पाहा.

याचा मोठा दाखला आपल्या जिल्ह्यातच आहे. 1951 साली हैदराबादेजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरायचे होते. वर्ध्याहून त्या बाजूला आगगाडी तेव्हाही जात होती. गाडीत बसले असते तर विनोबा दुसऱ्या दिवशी पोचले असते. पण 8 मार्चला ते पायीच निघाले आणि वाटेत महिना गेला. आता कोणी म्हणेल, विनोबा काही एकटे नव्हते, बरोबर सहकारी होते, मग हा दाखला कसा लागू पडतो? शंका रास्त आहे. पण ज्या गावी ते जात तेथे त्यांचा अधिकार नव्हता, हातात सत्ता नव्हती. रोज पहाटे निघावे, दहा-बारा मैल चालावे, एका गावी उतरावे, सायंकाळी प्रार्थना करावी, लोक बोलतील ते ऐकावे, एवढाच क्रम. संमेलन आटोपल्यावर ते तेलंगणातील नलगोंड्याच्या बाजूला वळले. तो मुलूख तेव्हा जमिनीच्या तंट्याने पेटलेला होता. 18 एप्रिलला पोचमपल्लीचा मुक्काम पडला. तेथील हरिजन कुटुंबे, सुमारे चाळीस घरे, पुढे आली आणि म्हणाली की आम्हाला कसायला ऐंशी एकर जमीन मिळवून द्या. विनोबांच्या झोळीत जमीन कोठली? त्यांनी तोच प्रश्न जमलेल्या गावापुढे ठेवला आणि रामचंद्र रेड्डी यांनी उठून शंभर एकर दिले. भूदान म्हणून जे म्हणतात ते असे एका मुक्कामी सुरू झाले. निघताना ते मनात योजलेले नव्हते.

पुढे चळवळ वाढली, चाळीस लाखांहून अधिक एकरांची दाने झाली. त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ कज्ज्यात अडकली, आणि सगळी काही भूमिहीनांच्या हाती पडली नाही. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. आमचा मुद्दा त्याहून लहान आहे. त्या दिवशी विनोबा आगगाडीत असते, किंवा पैसे मोजून एखाद्या लॉजच्या खोलीत दार लावून बसले असते, तर त्या चाळीस घरांनी कोणाला विचारले असते?

आता आपली वारी पाहा. माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंग एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग तिचे म्हणणे ऐकले जाते. कोणाचे काय हरवले, कोणाचे काय सापडले, तेही तेथेच पुकारतात. उद्या कोठे नि कधी, हेही सांगितले जाते. वाटेत बिनसलेले असेल ते मुक्कामी निस्तरायचे, अशी ही जुनी रीत. एकट्या प्रवाशाला ही सोय नाही. त्याचे टाळ वाजत राहिले तरी ऐकणार कोण? म्हणून त्याने ती दुसऱ्या रीतीने करून घेतली पाहिजे.

ती होते कशी, ते वाटच ठरवते. आपल्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग गेला आहे. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला, 2025 च्या जूनमध्ये संपूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता मोकळा झाला. वेळ वाचतो, रुग्णाला लवकर नेता येते, मालाची ने-आण होते; रस्त्याला नावे ठेवण्याचे आम्हाला काहीच कारण नाही. पण त्यावर पायी चालता येत नाही, दुचाकीला बंदी आहे, आणि गाव लागत नाही. गावे दोन्ही अंगांना आहेत, पण ती कुंपणापलीकडे! येळाकेळीला गाडी वर चढली की माणूस शेकडो किलोमीटर कोणाला राम राम न घालता जाऊ शकतो. फटफटीवाल्याला नाइलाजाने जुन्या रस्त्याने जावे लागते. त्यात त्याचेच भाग्य, असे आम्ही म्हणू. यवतमाळ, नांदेडवरून पंढरपूर सुमारे सहाशे किलोमीटर पडते. ते एका दमात मारण्यात बहादुरी नाही, उलट डुलकी लागण्याची भीती आहे. दोन मुक्काम करावेत. कोठे उतरणार ते आधी घरी सांगावे, आणि सांगितले तेथेच उतरावे. मन मानेल तेथे थांबण्याची मुभा गोड खरी, पण तिच्या पायी आईची झोप जाते. तिला आपण मोकळेपणा म्हणतो. म्हणा, पण त्याचे मोल कोण भरते हेही मनाशी मोजा.

येथवर आम्ही प्रवाशाचेच कर्तव्य सांगितले. पण बाई एकटी निघाली तर? हा प्रश्न आला की मंडळी एकदम वाटेच्या धोक्याविषयी बोलू लागतात. खरे म्हणजे वाट दोघांनाही सारखीच. अडते ते मुक्कामाला. पुरुष देवळाच्या ओसरीवर घोंगडी टाकून पडला तर गाव त्याला साधू म्हणते. बाई तेथे बसली तर तू कोणाची, कोठली, घरी भांडून आलीस का, असे दहा प्रश्न. ज्या पंथात जनाबाई आणि कान्होपात्रा यांची नावे आपण रोज घेतो, त्या पंथाच्या गावी हा व्यवहार शोभत नाही. यात दोष जाणारीचा नाही, उतरू न देणाऱ्यांचा आहे. विनोबांना रोज मुक्काम मिळाला तो त्यांच्या पायांच्या बळावर नव्हे. कोणी तरी अंगण सारवून, पाणी भरून ठेवले होते म्हणून.

आर्वीच्या समोर, वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूर आहे. तेथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरीला निघते, आणि मातेलाही वाटभर मुक्काम लागतात. त्या पालखीसाठी आपण जे घर उघडतो ते आषाढीनंतर का मिटावे, असे आम्ही आमच्या वाचकांना विचारतो. येत्या एकादशीला गावोगावच्या मंडळींनी एवढे ठरवावे की, देवळाजवळच्या एका घरी एकट्या आलेल्या वाटसरूला, मग तो बाप्या असो की बाई, रात्री भाकरी, पाणी आणि आतून कडी लावता येईल अशी एक खोली मिळेल. खोली कोणाची घ्यायची आणि किल्ली कोणाकडे ठेवायची, हे तेवढे तंटा न करता ठरवा म्हणजे झाले.