हातगुण

वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे कंबर धरल्याची तक्रार घरोघर ऐकू येऊ लागते. सकाळपासून वाकून, पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस साठवीत, ओटी जड होईल तसतसा कंबरेवरील ताण सोशीत जिने वजनावर मजुरी मिळवावयाची, तिला संध्याकाळी कोणी तुंबड्या लावून देतो म्हणाले, तर ती त्यामागची उपपत्ती विचारीत बसत नाही. पाठ घटकाभर मोकळी व्हावी एवढेच तिचे मागणे असते. आणि तसा आराम तिला पडला, तर तो खोटा ठरविण्याचा अधिकार कोणास पोचतो, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही आहे.

उपचार प्राचीन खरा. सुश्रुताने रक्तमोक्षणासाठी शृंग आणि जळू यांच्याबरोबर अलाबू, म्हणजे भोपळ्याची तुंबडी, सांगितली असून तीत दिवा ठेवण्याचा विधीही दिला आहे. हकिमांच्या परंपरेत तोच प्रकार हिजामा या नावाने चालत आला. आता काचेचे किंवा प्लास्टिकचे पेले आले. पेल्यातील हवा ओढून घेतली की कातडी फुगून वर येते, तांबूस होते, मग जांभळट. आणि पेला काढल्यावर राहिलेले वर्तुळ काही दिवस मिटत नाही. हे वर्तुळ म्हणजे आतला विकार बाहेर आल्याचा दाखला, असे पुष्कळांस मनापासून वाटते. वस्तुतः ते कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून साकळलेले रक्त होय.

ब्राझीलमधील संशोधकांनी जुनाट कंबरदुखीच्या 90 रुग्णांपैकी काहींना खऱ्या तुंबड्या लावल्या, तर काहींना बारीक छिद्र पाडलेल्या, की ज्यांतील ओढ क्षणात नाहीशी व्हावी. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणण्यासारखे अंतर पडले नाही. शिवाय नव्याने भरलेली कंबर बहुधा काही आठवड्यांत आपसूक सुटते, आणि त्या मुदतीत जो उपचार चालू असेल त्याच्या पदरी श्रेय पडते. यावर श्रद्धावान म्हणतील, श्रद्धेने गुण येत असेल तर ती मोडता कशाला? हा युक्तिवाद मला मान्य नाही. वेदना रुग्णाची, म्हणून उतार पडल्याचा त्याचा जबाब अखेरचा मानलाच पाहिजे. पण तो उतार कशाने पडला, याविषयी उपचारकाने केलेला दावा त्या जबाबाच्या आधारे सिद्ध होत नाही.

मग ज्याची शक्ती सिद्ध नाही, तो हात मागे घ्यावा काय? याचे उत्तर याच जिल्ह्याने आपल्या आचरणाने देऊन ठेवले आहे. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी असलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामास आले, तेव्हा त्या रोगाचा खात्रीचा उपाय या देशात कोणाच्याही हाती नव्हता. आपल्या कुटीजवळच त्यांच्या राहण्याची तजवीज करून गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत असत. ज्या शरीराला शिवण्यास आप्तसुद्धा धजत नसत, त्याला रोज हात लावणारा तो मनुष्य, हा हात तुमचा रोग बरा करील, असे आश्वासन देत नव्हता. बरे करण्याचा दावा अजिबात न करताही स्पर्श पूर्ण असू शकतो, त्याला असत्याच्या टेकूची गरज नसते, हे मला त्या सेवेत दिसते. आणि जवळच दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये आरंभिलेले कुष्ठसेवेचे कार्य पाहिले म्हणजे ते एकट्या महात्म्याचे अपवादात्मक कृत्य होते, असेही म्हणता येत नाही.

म्हणून तुंबडी लावणाऱ्याने तुंबडी लावावी, मात्र रक्त काढण्यासाठी कोणाचेही वापरलेले पाते लावू नये. आणि बाईस स्पष्ट सांगावे की याने थोडे हलके वाटेल, दुखणे बहुधा आपल्या गतीने जाईल, ओटीचे ओझे वेळोवेळी उतरवून ठेवशील तर लवकर जाईल. असे बोलण्याने हातगुण उणा होत नाही. पण तिच्या पायांतील बळ जात असेल, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर पेले बाजूला ठेवून तिला त्याच घटकेस सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे धाडले पाहिजे. कारण अशा वेळी मज्जातंतूंवरील दाब सोडविण्यास झालेला उशीर पुढे कोणत्याही उपायाने भरून येत नाही.